काचा कुणी वाहिल्या?



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे दीड महिना वाचन बंद होतं. परवानगी मिळाली की आधी राहिलेली पुस्तकं संपवायची असं ठरवलं होतं, पण झालं भलतंच. पुतण्याच्या मुलीने कॉम्प्युटरवर हिमालयाचे जुने फोटो लावून दिले आणि मी त्यातच अडकले. दीडशे वर्षांहून जुने फोटो! लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, ब्रिटिश लायब्ररी अशा संस्थांकडे ते जपून ठेवलेले आहेत आणि आता घरबसल्या पाहता येतात. सतलजचं खोरं, देवदारांची बनं, चिनी गावातून दिसणारी बर्फाची शिखरं, काश्मीरमधले लाकडी पूल. इतके स्वच्छ की देवदाराची फांदी न् फांदी मोजून घ्यावी. पुष्कळ फोटोंच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत एक नाव आणि एक नंबर आहे. नाव आहे बोर्न.

इतकी वर्षं इतिहास आणि मराठी शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. चित्र दिसलं की विचारायचं, हे कुणी काढलं, कधी काढलं, कुणासाठी काढलं? वर्गात मुलांनाही हेच तीन प्रश्न विचारायची सवय लावली होती. या फोटोंच्या बाबतीत मात्र चौथाच प्रश्न महत्त्वाचा निघाला. तो वर शीर्षकात लिहिलाच आहे. पण आधी पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं सांगते.

सॅम्युएल बोर्न हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरात एका बँकेत कारकून होता. जन्म १८३४चा. फोटोग्राफीचा नाद असा लागला की बँकेतली नोकरी सोडली आणि १८६३ साली हा गृहस्थ कलकत्त्याला येऊन उतरला. तिथून थेट सिमल्याला. सिमल्यात हॉवर्ड नावाच्या फोटोग्राफरशी भागीदारी केली, मग चार्ल्स शेफर्ड येऊन मिळाला आणि पुढे 'बोर्न अँड शेफर्ड' ही कंपनी नावारूपाला आली. ही कंपनी फार टिकली बरं का. १९११च्या दिल्ली दरबाराचे फोटो तिने काढले. १९९१ साली तिच्या कलकत्त्याच्या इमारतीला आग लागून जुना ठेवा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाला आणि अखेर २०१६ साली ती बंद पडली. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या हयातीत ती चालू होती!

बोर्नने हिमालयात तीन मोठ्या फेऱ्या केल्या. पहिली १८६३च्या जुलै अखेरीस सिमल्याहून निघून दहा आठवड्यांची, चिनीच्या बाजूला. या चिनी गावालाच आज कल्पा म्हणतात. दुसरी १८६४ साली काश्मीरला, कित्येक महिन्यांची. तिसरी १८६६ साली, सहा महिन्यांची, थेट गंगोत्रीच्या हिमनदीपर्यंत. याच तिसऱ्या फेरीत किन्नौर आणि स्पितीच्या मधल्या मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, त्याने फोटो घेतले. इतक्या उंचीवर जाऊन फोटो काढण्याचा त्याचा हा विक्रम पुढे बरीच वर्षं टिकला. गिऱ्हाईक कोण, तर मुख्यतः हिंदुस्थानात राहणारे इंग्रज. ते हे फोटो विकत घेऊन अल्बमात लावत आणि मायदेशी पाठवत.

आता त्या काळी फोटो कसा काढत ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं नीट कळेल. तेव्हा फिल्म नव्हती. काचेची प्लेट असायची. फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने १८५१ साली ही रीत प्रसिद्ध केली. काच लखलखीत पुसायची. तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रावण सारखं पसरायचं. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आणि ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा, लगेच परत अंधारात नेऊन धुवायची. सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. काच वाळली की संपलं!

म्हणजे फोटो जिथे काढायचा तिथेच अंधारखोली हवी. बोर्नने त्यासाठी तंबू नेला होता. मोठा लाकडी कॅमेरा, त्याची तिकाटणी, तंबू, रसायनांच्या बाटल्या, धुण्याची भांडी, आणि काचा. फोटो काढायला लागेल तेवढी काच वर न्यायची आणि फोटो झाल्यावर तीच काच, आता सोन्याच्या मोलाची झालेली, न फुटता खाली आणायची. पहिल्या फेरीत त्याने १४७ निगेटिव्ह आणल्या. १४७ काचा! आपण चार काचेच्या बरण्या एसटीतून आणताना जीव मुठीत धरतो.

तर हे सगळं वाहिलं कुणी? अर्थातच हमालांनी. पहिल्या फेरीत सुमारे ३० जण होते. दुसऱ्या फेरीत ४२. त्यांच्या पाठीवर कॅमेरा आणि काचा तर होत्याच, शिवाय साहेबाचे तंबू, अंथरूण-पांघरूण, टेबलखुर्च्या, पुस्तकं, शिकारीचं सामान आणि ब्रँडीच्या बाटल्यासुद्धा होत्या.

हे मला कसं कळलं, तर स्वतः बोर्ननेच लिहून ठेवलं आहे. विलायतेतल्या 'ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी' या नियतकालिकात त्याने या तिन्ही फेऱ्यांची प्रवासवर्णनं लेखमाला करून छापली. माणूस लिहितो छान. थंडी, धुकं, ढग हटण्याची तासन् तास वाट पाहणं, १५,००० फुटांवर बोटं बधिर झालेली असताना काचेवर द्रावण ओतणं, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं करतो. आणि त्याच ओघात हमालांचंही सांगतो.

पहिल्याच फेरीतली हकिगत आहे. वाटेत काही हमाल ओझी टाकून पळाले. सामान रस्त्यात पडलेलं आणि माणसं गायब. बोर्नने हातात एक जाड काठी घेतली आणि तो त्यांना शोधायला निघाला. जवळच काही घरं होती. तिथे हमाल मागितले तर कुणी नाही असं उत्तर मिळालं. त्याने दार ढकललं. आत त्याचीच ओझी टाकून आलेले दोघं लपले होते. त्यांना त्या काठीचा प्रसाद मिळाला. घरातल्या बायका रडत-ओरडत होत्या, हेही त्याने लिहिलं आहे. लपवण्यासारखं काही केलं असं त्याला वाटतच नाही. उलट वाचकांना गंमत वाटावी अशा सुरात तो हे सांगतो.

मी हा भाग दोनदा वाचला. मग परत ते फोटो उघडून बघितले. किती शांत चित्रं! नदी, झाड, पहाड. त्या काठीचा आवाज त्यात कुठेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, पैसे मिळत होते तर हे लोक पळत का होते? इथे थोडं थांबायला हवं. हे हमाल म्हणजे बाजारात मजुरीसाठी उभे राहिलेले लोक नव्हते. हे गावातले शेतकरी. पहाडी भागात रीत अशी होती की साहेब किंवा सरकारी अंमलदार आला की गावाने पाळीपाळीने माणसं द्यायची. त्यांनी ओझं पुढच्या टप्प्याच्या गावापर्यंत न्यायचं, तिथून पुढे त्या गावाची माणसं. दर ठरलेला, बहुतेक वेळा नाममात्र, कधी तेही नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. याला तिकडे 'बेगार' म्हणत. आणि दिवस बघा, ऑगस्ट-सप्टेंबर. पहाडात उन्हाळा मोजका. कापणी, गवत साठवणं, लाकूडफाटा गोळा करणं, सगळं याच दोन-तीन महिन्यांत उरकायचं असतं, नाहीतर हिवाळ्यात उपासमार. ऐन सुगीत आपल्या शेतकऱ्याला कुणी घरातून ओढून नेलं आणि एका परक्या माणसाच्या काचा डोंगरावर न्यायला लावल्या, तर तो तरी काय करेल?

मराठीची शिक्षिका असल्यामुळे शब्दापाशी घुटमळल्याशिवाय राहवत नाही. 'बेगार' हा फारसीतून आलेला शब्द. आपल्याकडे त्याला 'वेठ'ची जोड मिळाली आणि 'वेठबेगार', 'वेठबिगार' झालं. पेशवाईतल्या कागदांतही हा शब्द भेटतो, म्हणजे ही गोष्ट इंग्रजांनी आणली असं मुळीच नाही. आपल्याच राजे-सरदारांची ती जुनी सोय. इंग्रजांनी ती आयती उचलली. आज आपण 'वेठीला धरणं' सहज म्हणतो, बांधकामावरच्या माणसाला 'बिगारी' म्हणतो. शब्द राहतात, त्यांच्या पाठीवरचं ओझं आपण विसरतो.

मग बोर्न वाईट माणूस होता का? मला असा निकाल द्यायचा नाही. वर्गात मी मुलांना सांगत असे की जुन्या माणसाला आजच्या कोर्टात उभं करू नका, पण त्याने काय केलं ते मात्र पुसू नका. बोर्नने स्वतःही हाल सोसले. त्या उंचीवर, त्या थंडीत, त्या रसायनांसह इतकं नेटकं काम करणं येऱ्यागबाळ्याचं काम नाही. त्याच्या चित्रांतलं सौंदर्य खोटं नाही. त्याचा डोळा इंग्लंडच्या निसर्गचित्रांवर घडलेला. हिमालय त्याला भव्य वाटला, पण तळी नाहीत, हवी तशी रचना जमत नाही, म्हणून तो कुरकुर करतो. काश्मीर त्याला त्या मानाने जास्त भावलं. म्हणजे फोटोत हिमालय आहे, तसाच नॉटिंगहॅमहून आलेल्या माणसाचा डोळाही आहे.

माणसं त्याच्या काही फोटोंत आहेत. पण बरेचदा मुंगीएवढी, पहाड केवढा ते कळावं म्हणून उभी केलेली. काश्मीरमध्ये लोकांना फोटोत कसं उभं करायचं यावरून तो फार वैतागला होता. त्यांना सहज उभं राहा म्हटलं की ते काठीसारखे ताठ, हात खाली, हनुवटी वर, जणू गळा कापून घ्यायला उभे आहेत, अशा अर्थाचं त्याने लिहिलं आहे. वाचून हसू येतं खरं. पण मला वाटलं, समोर एवढं मोठं लाकडी यंत्र, काळ्या कापडाखाली डोकं घातलेला साहेब, आणि हलायचं नाही अशी ताकीद. ताठ उभे राहणार नाहीत तर काय! आपल्या आजी-आजोबांचे लग्नातले फोटो आठवा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कॅमेरा म्हणजे त्या काळी फक्त साहेबाची वस्तू होती असं कुणाला वाटेल. तसं नाही. आपल्या मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि तिच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः फोटो काढत आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर होते. एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही निघाला होता. म्हणजे बोर्न कलकत्त्याला उतरण्याआधीच मराठी माणसाच्या हातात कॅमेरा होता. तेव्हा कॅमेरा परका की देशी एवढाच हा प्रश्न नाही. तो कुणाच्या हातात आणि कुणाच्या पाठीवर, हा आहे.

हा चौथा प्रश्न खरं तर माझा नाही. तो मला एका विद्यार्थ्याने दिला. पुष्कळ वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात एव्हरेस्टचा धडा चालू होता. १९५३, तेनसिंग आणि हिलरी. मी रंगात येऊन शिखरावरचा तो फोटो वर्णन करत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील एसटी स्टँडवर हमाली करत. तो म्हणाला, "बाई, त्या दोघांचं बाकीचं सामान कुणी नेलं?" वर्ग हसला. पण प्रश्न किती नेमका! त्या मोहिमेत साडेतीनशेच्या वर हमाल होते. दुसऱ्या दिवशी मी तो आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा तो मुलगा कसा ताठ बसला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. इतिहासात आपल्या बापाला जागा आहे हे त्याला त्या दिवशी कळलं असावं.

बोर्नच्या हमालांचं पुढे काय झालं? त्या माणसांचं नाही सांगता येत, पण त्यांच्या नातवंड-पतवंडांचं सांगता येतं, आणि ती गोष्ट मोठी छान आहे. सिमल्याहून चिनीकडे जाणाऱ्या जुन्या हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावर कोटगढ लागतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सॅम्युएल स्टोक्स नावाचा अमेरिकन गृहस्थ येऊन राहिला. पहाडात सफरचंदाच्या बागा रुजवणारा म्हणून त्याचं नाव आज घेतात. पण त्याचं दुसरं मोठं काम म्हणजे बेगारीविरुद्धचा लढा. १९२०-२१च्या सुमारास कोटगढच्या लोकांना बरोबर घेऊन त्याने ती झुगारली. योगायोग पाहा, एक सॅम्युएल या वाटेने हमाल घेऊन गेला आणि साठेक वर्षांनी दुसरा सॅम्युएल त्यांच्या बाजूने उभा राहिला.

त्याच काळात तिकडे पूर्वेला, कुमाऊँमध्ये, आणखी मोठी घटना घडली. तिथेही हीच रीत होती. गावोगावच्या प्रधानांकडे वह्या असत. कुणाच्या घरची पाळी कधी, कुणी किती वेळा ओझं वाहिलं, याची त्यांत नोंद असे. १४ जानेवारी १९२१, मकरसंक्रांत. बागेश्वरला शरयू आणि गोमतीच्या संगमावर मोठी जत्रा भरली होती. बद्रीदत्त पांडे वगैरे पुढाऱ्यांनी आवाहन केलं, हजारो लोकांनी यापुढे बेगार करणार नाही अशी शपथ घेतली, आणि त्या वह्या शरयूच्या पाण्यात सोडून दिल्या. आपण तिळगूळ वाटतो त्या दिवशी!

हे वाचताना माझ्यातली इतिहासाची शिक्षिका क्षणभर हळहळली, खोटं कशाला सांगू. अशाच वह्यांत तर त्या माणसांची नावं असणार. बोर्नच्या प्रत्येक काचेला नंबर आहे, यादी आहे, पण काचा वाहणाऱ्यांची नावं त्याने लिहिली नाहीत. ती कुठे मिळतील तर अशा नोंदींमध्येच. आणि लोकांनी त्याच बुडवल्या. पण मग वाटलं, बरोबरच केलं. ज्या वहीत आपलं नाव फक्त ओझं वाहण्यासाठी लिहिलं आहे, ती वही संशोधकांची सोय म्हणून कुणी का जपावी? नाव राहिलं नाही तरी चालेल, पण पाळी नको. तो त्यांचा निर्णय होता, आणि तो इतिहासातल्या कुठल्याही कागदापेक्षा मोठा आहे.

आमच्या घरातली तरुण मंडळी आता स्पितीला जातात, लडाखला जातात. येताना हजार-हजार फोटो आणतात. त्यांच्या फोनमध्ये ना ओली काच, ना तंबू. तरीही ट्रेकचे फोटो दाखवताना मी हळूच विचारते, "सामान कुणी नेलं गं?" मग कळतं, खेचरं होती, त्यांच्याबरोबर गावातला एक मुलगा होता, स्वयंपाकाला एकजण होता. त्याने रात्री बर्फात गरम खिचडी करून घातली. त्याची आई आजारी होती. पुतण्याची मुलगी हे सगळं इतक्या मायेने सांगते, की फोटोपेक्षा तेच ऐकत बसावंसं वाटतं. म्हणजे गोष्ट माहीत असते, फक्त कुणी विचारत नाही. मी तिला म्हटलं, त्या मुलाचा फोटो आहे का? होता. तंबूच्या बाजूला, थोडा हललेला, चहाची किटली हातात. तो तिने अल्बमात पहिल्या पानावर लावला, खाली नाव लिहून.

माझी एवढीच विनंती आहे, विशेषतः आपल्या नातेवाईक मंडळींना. घरोघरी जुन्या सहलींचे, यात्रांचे, लग्नकार्यांचे फोटो पडले आहेत. कुणी काशीला गेलेलं, कुणी पंढरीला, कुणी महाबळेश्वरला. ज्यांना चेहरे ओळखू येतात ती माझ्या पिढीची माणसं आहेत तोवर त्यांच्यासमोर ते फोटो ठेवा आणि मागे पेन्सिलने नावं लिहून घ्या. कडेला अर्धवट आलेला टांगेवाला, पाण्याची घागर घेतलेली बाई, खांद्यावर ट्रंक घेतलेला हमाल, यांचीही माहिती असेल तर लिहा. नाव आठवत नसेल तर निदान एवढं तरी लिहा की हा माणूस आमच्याबरोबर होता.

बोर्नचे फोटो मात्र जरूर पाहा. सुंदरच आहेत. हमालांची गोष्ट कळल्यामुळे ते मला कमी आवडू लागले असं झालेलं नाही. फक्त आता पहाडावरची ती पायवाट दिसली की मी तिच्यावर माणसं शोधते.

तुमच्याकडे असा एखादा फोटो असेल, आणि त्यामागची गोष्ट ठाऊक असेल, तर नक्की लिहून पाठवा. वाट पाहते.